लाटमास्तरांची मोजणी

शेअर दलालाच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पंख्याखालच्या टेबलाशी बसणाऱ्या उंच, पाठीत वाकलेल्या माणसाला सगळे लाटमास्तर म्हणत. खरं नाव विचारायची गरज कोणाला पडली नाही. आधी ते यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि हातानं ड्रॉइंग काढणाऱ्यांना नारळ मिळाला. मास्तरांनी आपली पट्टी, पेन्सिली आणि आलेखाच्या कागदांची थप्पी घरी आणली आणि यंत्रांच्या सुट्या भागांऐवजी शेअरच्या भावांचे आलेख काढायला बसले. हाच आलेख मशीनवर चुटकीसरशी निघतो, असं सांगून पाहणाऱ्यांनी शेवटी हात टेकले.

मास्तरांचं म्हणणं असं, की भाव सरळ चढत नाही, लाटांनी चढतो. चढाच्या पाच लाटा, त्यांना आकडे; मग उताराच्या तीन, त्यांना अक्षरं. आणि उतार आधीच्या चढाचा ठरावीक हिस्सा खाऊन थांबतो. हा हिस्सा येतो कुठून, ते त्यांनी एकदा बायकोला स्वयंपाकाच्या ओट्यावर खडूनं लिहून दाखवलं होतं. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. जरा पुढे गेलं, की कुठल्याही आकड्याला त्याच्या पुढच्यानं भागा, उत्तर तेच. शेकडा एकसष्ट पूर्णांक आठ दशांश.

"झाडाच्या पानांत हेच, सूर्यफुलात हेच, बाजारातही हेच," मास्तर म्हणाले.

"मग तुमच्या पगारात का नव्हतं?" असं विचारून तिनं ओटा पुसून टाकला. ती घरी शिलाईचं काम करायची. मापाशी तिचाही रोजचा संबंध होता, पण कापड कमी पडलं तर ते कमी पडलं, एवढंच तिला कळायचं.

मास्तरांना तसं कधी कळलं नाही. त्यांच्या शास्त्रात नियम होते. दुसरी लाट पहिलीच्या तळाखाली जात नाही, चौथी पहिलीच्या हद्दीत शिरत नाही. पण भावानं नियम मोडला की मास्तर चुकले, असं होत नसे. मोजणी चुकलेली असे. मग ते रबर घेत, लाटांवरचे आकडे पुसत आणि नवे आकडे टाकत. दुसरी लाट म्हणता म्हणता ती चौथी व्हायची, चौथी म्हणता म्हणता एखाद्या मोठ्या उताराचा शेवटचा टप्पा. जुनी रेघ तीच, नाव नवं. ऑफिसातल्या लोकांनाही ते बरं पडायचं. आज हरलेल्याला उद्याची आशा फुकट मिळत असेल तर कोण नको म्हणणार? शिवाय एकदा, एका मोठ्या पडझडीआधी, मास्तरांनी सगळ्यांना विकून मोकळं व्हायला सांगितलं होतं आणि ते तंतोतंत खरं ठरलं होतं. माणसं घरी येऊन पाया पडून गेली. बायकोनं ते दारात उभं राहून पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती चेष्टा करायची, पण आतून तिचा विश्वास बसला होता.

मग तिच्या किडन्या बिघडल्या. एका जबर तापानंतर त्यांचं काम वीस टक्क्यांवर आलं, औषधांनी पन्नासपर्यंत चढलं आणि तिथून हळूहळू पुन्हा उतरायला लागलं. मास्तर वीजबिलाचासुद्धा आलेख काढणारे. त्यांनी रिपोर्टातले आकडे कागदावर घेतले, वीस ते पन्नासचा चढ मोजला, त्याचा तो हिस्सा काढला आणि साडेएकतीसवर एक आडवी रेघ मारली.

"इथे थांबेल. बघ तू," ते म्हणाले.

पुढचा रिपोर्ट बत्तीसचा आला आणि त्याच्या पुढचा पस्तीसचा. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तो कागद तिला दाखवला, शाळेत शिकवणाऱ्या मुलीला दाखवला, डॉक्टरांनाही दाखवला. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "काका, असे आकडे थोडे वरखाली होतातच. हा आजार उतरणीचाच आहे," ते म्हणाले. मास्तर हसले. ऑफिसात नवखी माणसं असंच बोलायची.

इथे चीड येते ती एवढ्याचसाठी, की मास्तरांना त्यांचं स्वतःचं शास्त्र चांगलं ठाऊक होतं. भाव लाटांनी हलतो तो हजारो माणसांच्या आशेमुळे आणि भीतीमुळे, हे ते स्वतःच शिकवायचे. एका बाईच्या किडनीत कुठली आली हजार माणसं? पण हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

आकडा पुन्हा उतरला, रेघेखाली गेला. मास्तरांनी खाली सव्वीसच्या आसपास दुसरी रेघ मारली. तीही मोडली. अठराचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"आता डायलिसिसची तयारी ठेवू. हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन आहे. ती जागा तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आत्ताच करायचं."

तिनं पदराखाली हात लपवला. सुईला ती लहानपणापासून घाबरायची, कापडातली सोडून. घरी आल्यावर तिनं आलेखाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, "अहो, तुमचा कागद काय म्हणतो?"

अठरा म्हणजे वीसच्या, पहिल्या लाटेच्या तळाच्या, खाली. मास्तरांच्या नियमाप्रमाणे खेळ तिथेच संपला होता. त्यांनी रबर घेतलं. दुसऱ्या लाटेवरचा आकडा पुसला आणि तिथे मोठ्या उताराच्या तिसऱ्या, शेवटच्या टप्प्याचं अक्षर टाकलं.

"हा शेवटचा उतार आहे. इथून वळणार. एक रिपोर्ट थांबू."

"थांबू या," ती लगेच म्हणाली. तिला हेच ऐकायचं होतं.

मुलगी येऊन भांडली. "बाबा, तो शेअर नाहीये, ती आई आहे!" मास्तर तिच्याशी मोठ्या शांतपणे बोलले, तेच जास्त वाईट होतं. एक रिपोर्ट गेला, मग आणखी एक. ऑपरेशन राहूनच गेलं.

एका सकाळी तिला शिलाईच्या मशीनवर बसल्या बसल्या श्वास पुरेना. छातीत पाणी भरलं होतं. हातातली जागा तयार नव्हती, म्हणून मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. तीन-चार दिवसांत नळीतून रक्तात जंतू गेले. ताप उतरेना. दुपारी डॉक्टरांनी मास्तरांना जिन्यापाशी बाजूला घेतलं.

"आता फार आशा नाही. कोणाला काय बोलायचं असेल ते बोलून घ्या. आजच."

"ते ऑपरेशन आधी केलं असतं तर?"

"मी सांगितलं तेव्हा केलं असतं तर ही नळी लागली नसती," डॉक्टर म्हणाले. बिचारे खोटं कशाला बोलतील.

मास्तर आत गेले. तिचे ओठ सुकले होते, पण शुद्ध होती. तिनं त्यांचा हात धरला.

"अहो, आता कुठवर आलं? खरं सांगा."

आजवर मास्तर चुकीचं बोलले ते मनापासून खरं वाटून. आज पहिल्यांदा त्यांना सगळं माहीत होतं. 

"उतार संपला," ते म्हणाले. "आकडा वर यायला लागलाय. उद्या नाहीतर परवा घरी."

तिचा चेहरा इतका निवळला की त्यांना तिथे उभं राहवेना. ते बाहेर बाकावर येऊन बसले. शाळा सुटल्यावर मुलगी धावतपळत आली. "कशी आहे?" तिनं विचारलं. "बरी आहे," मास्तर म्हणाले. डॉक्टर काय बोलले ते त्यांच्या तोंडातून निघालंच नाही. मुलगी आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर आली. आईनं घरी जाऊन आरामात झोपायला सांगितलं म्हणून ती गेली.

रात्री तिथे कोणाला थांबू देत नव्हते, म्हणून मास्तरही घरी आले. सकाळी दवाखान्याचा फोन आला.

सगळे विधी उरकल्यावर, माणसं गेल्यावर, मुलगी मास्तरांसमोर येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"डॉक्टर भेटले मला. तुम्हाला दुपारीच सांगितलं होतं म्हणाले."

मास्तरांनी होकाराची मान हलवली.

"मी आत गेले तर आईनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, तुला एक गोष्ट सांगायचीय, कित्येक वर्षं राहिलीय. मी म्हटलं, सांग ना. तर हसली. म्हणाली, आत्ता दम लागतो गं, तुझे बाबा म्हणालेत उद्या-परवा घरी जायचंय, तिथे निवांत बोलू." तिनं नाक पुसलं. "काय होतं ते, बाबा? तुम्हाला काही बोलली होती का?"

मास्तर बराच वेळ आठवत राहिले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.