वैनीच्या डाव्या हातासाठी

आमची वैनी, वरलक्ष्मी, गुरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाली, पण आसपासच्या खेड्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही. गाय अडली की फोन वैनीला, आणि वैनी मोपेडवर.

माझा अण्णा, कृष्णाजी, कॉलेजात गणित शिकवायचा. बायकोचं त्याला भारी कौतुक, आणि दुःख एकच. लग्नापासून त्याने हौसेने आणलेल्या पाटल्या, अंगठ्या, कुड्या सगळ्या कपाटात. शेणामातीत वावरणाऱ्या, गाईच्या पोटात हात घालणाऱ्या बाईने त्या घालायच्या कधी? कार्यात घटकाभर घालणार, फोन आला की उतरवणार. तिचे मोकळे हात बघून आमची आई जन्मभर कुरकुरली. अण्णा कुरकुरला नाही, झुरला.

मग त्याची साठी आली. आमच्याकडे साठीला नवराबायकोचं पुन्हा लग्न लागतं. अण्णाने मनाशी घेतलं, की या वेळी तिला मांडवात शोभेल आणि गोठ्यातही जाईल असं एक उंची घड्याळ द्यायचं. एकदा तरी आपली वस्तू तिच्या अंगावर राहावी, एवढीच त्याची इच्छा. लेक जननी म्हणाली, अम्माला विचारून घ्या. पण विचारून आणलं तर मजा काय, म्हणून स्वारी गुपचूप दुकानात.

आणलं काय, तर सोन्याचं, पापडासारखं पातळ, चामडी पट्ट्याचं. वैनीने पट्टा चाचपला आणि कशाचा म्हणून विचारलं. अण्णाने दुकानदाराचे शब्द ऐटीत ऐकवले: अस्सल वासराचं कातडं, एकदम मऊ. जन्मभर वासरं सुखरूप बाहेर काढणाऱ्या बाईला! एवढा गणिती माणूस, पण कधी कधी अक्कल गहाण टाकतो. वैनीने पेटी मिटली आणि काफी करायला आत गेली. अण्णाचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी वैनीच त्याला घेऊन दुकानात गेली. गंमत बघायला मीही गेले. विक्रेत्याने खड्यांची नाजूक घड्याळं मांडली. वैनीने खाचांवरून नख फिरवलं आणि म्हणाली, इथे शेण अडकेल. सेकंदकाटा नाही, मग गाईची नाडी कशावर मोजू? साबण, फिनेल सोसेल का? तो बिचारा घाम पुसू लागला आणि त्याने पाणबुड्यांचं एक धिप्पाड घड्याळ काढलं. वैनीने ते रेशमी पदराशी धरून आरशात पाहिलं आणि हसत सुटली. हे घालून बसले तर भटजी मलाच नवरदेव समजतील, म्हणाली.

शेवटी तिने निवडलं ते पोलादी, गुळगुळीत साखळीचं. पांढरी तबकडी, कडेला सोन्याची बारीक रेघ, ठसठशीत सेकंदकाटा. विक्रेता चाचरत म्हणाला, हे पुरुषांचं आहे. गाईंची काही हरकत नसते, असं वैनीने त्याला सांगितलं. काय बाई आहे! आपल्याला काय हवं ते इतकं नेमकं ठाऊक असलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

साठीच्या दिवशी मांडवात दोघांवर कलशाचं पाणी ओतलं. घड्याळ काढा, म्हणून बायका ओरडल्या. वैनीने ऐकलं नाही. जरीच्या साडीवर ते पोलाद असं खुललं, की मला तिचा हेवा वाटला.

पानं मांडली आणि फोन वाजला. कालव्यापलीकडच्या गावात म्हैस अडली होती. वैनी सुती साडी नेसून बाहेर आली. हातातल्या बांगड्या उतरवून तिने अण्णाच्या तळहातावर ठेवल्या, मग कुड्या. अण्णा घड्याळासाठी हात पुढे धरूनच उभा होता.

"हें राहूं दे," ती म्हणाली. "हें माझ्याबरोबर येतें."

मोपेड कोपऱ्यावर वळली. अण्णाने एका हाताने डोळे पुसले. दागिन्यांचा हात तसाच पुढे होता.