प्रोसिडिंग बुकातली नववी सही

कोर्टाच्या शिरस्तेदारांनी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं कामकाज लिहायची वही, माझ्यासमोर ठेवली. पण तिच्यावरचा हात काही काढला नाही. "बघा. पानं मी उलटतो," म्हणाले. वकिलांवर त्यांचा भरवसा नसावा.

मी तेव्हा नगरच्या कोर्टात नवा होतो. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक तोंडावर होती. आमचे अशील म्हणजे माझे मराठी शाळेतले गुरुजी. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, तो त्यांच्यामुळे. पक्षाचं तिकीट मिळणार या भरवशावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता. तिकीट गेलं सोनईच्या एका व्यापाऱ्याला. तालुका कमिटीने सभा घेऊन त्याचं नाव ठरवलं, असं सेक्रेटरीचं म्हणणं. सभा झालीच नाही, असं गुरुजींचं; तेही कमिटीवर होते. म्हणून आम्ही मनाई हुकूम मागितला होता, म्हणजे निकाल लागेपर्यंत पक्षाने त्या माणसाला उभं करू नये.

ठरावाखाली नऊ सह्या होत्या, प्रत्येकीपुढे गाव. तीन सोनईच्या, मग दोन घोडेगावच्या, मग तीन चांद्याच्या. सभेत माणसं अशी रस्त्याच्या क्रमाने बसत नाहीत. सेक्रेटरी वही घेऊन सायकलवर गावोगाव फिरला होता. मी मनात खूश झालो. नववी सही कुकाण्याची होती. ती गुरुजींची होती.

वही इतकी बिनधास्त कोर्टात कशी आली, ते तेव्हा कळलं.

गुरुजी व्हरांड्यात बसले होते. सही बनावट आहे का, विचारलं.

"माझीच हाय. मागच्या सभेची हजेरी राहिली, सेक्रेटरी म्हणाला. पान वर कोरं हुतं. आमी सगळे तशाच सह्या करतो, ठराव तो मागून लिहितो."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला शिकवलंय रे मी. तुलाच कसं सांगू?"

माझे सीनियर म्हणाले, सही आठवत नाही एवढं गुरुजींनी म्हणायला काय हरकत आहे? गुरुजी काय करतील, याचा मला भरवसा वाटेना. माझाही वाटेना.

सुनावणीत पक्षाच्या वकिलांनी वही पुढे केली. "सही तुमची?"

"व्हय."

"वाचून केलीत?"

"वाचायला काही नव्हतं."

"शाळेतही कोऱ्या पाटीला मार्क देत होता का, मास्तर?"

मागे दोघंतिघं हसले. गुरुजी खरं बोलले होते, आणि मी खाली बघत होतो.

जज्जसाहेबांनी लिहिलं, सभा झाल्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण कोऱ्या पानावर सही देणाऱ्याने त्याच पानाविरुद्ध कोर्टात येऊ नये. शिवाय पक्षाचं तिकीट हा कोणाचा हक्क नव्हे. अर्ज नामंजूर. व्यापारी निवडून आला. गुरुजींना नोकरीवर परत घेतलं नाही. केडगावात ते शिकवण्या करू लागले.

तेव्हापासून अशील समोर बसला की मी आधी गाऱ्हाणं ऐकत नाही. सह्या कुठे कुठे केल्यात, ते विचारतो. आपलं माणूस असेल तर दोनदा विचारतो.