टिंचरचा थेंब आणि भागीरथाचे शिंगाडे

अड्याळच्या बाजारात भागीरथा यायची तेव्हा आधी तिचा आवाज यायचा, मग डोक्यावरचं टोपलं दिसायचं आणि सगळ्यात शेवटी ती. "घ्या वो बाई, गरम शिंगाडे! तळ्यातले पेढे!" बसायची जागा ठरलेली, ताराचंद किराणावाल्याच्या ओट्याखाली. गिऱ्हाईक थांबलं रे थांबलं की एक शिंगाडा सोलून त्याच्या हातावर ठेवणार. "खाऊन पाहा, मंग भाव करा." तोंड भरलेलं असताना भाव करणार कोण?

तिचा नवरा इतवारी गावच्या तळ्यात होडीसारख्या डोंग्यात बसून वेलाखाली हात घालायचा आणि शिंगाडे तोडायचा. ती ते उकडायची. सासरी आली तेव्हापासून तळं म्हणजे तिचं शेतच. दर आठवड्याला तोडा करावाच लागे, कारण शिंगाडा जास्त पिकला की वेलावरून सुटतो आणि गाळात बुडतो. बुडाला की गेला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर बाजारात एक छापील पत्रक आलं. कोणी आणलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक हितचिंतक'. ताराचंदनं ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. 'खताचे पाणी तळ्यात उतरून शिंगाड्यात जहर भरले आहे. शिंगाडा कापून त्यावर टिंचर आयोडीनचा थेंब टाका. काळानिळा झाला तर जहर समजा. दहा जणांना सांगा.'

टिंचरची बाटली घरोघर होतीच. ताराचंदनं दुकानातली काढली, भागीरथाच्याच टोपल्यातला शिंगाडा कापला आणि थेंब टाकला. पांढराशुभ्र गर बघता बघता शाईसारखा झाला.

"अगा बाप्पा!" बाया मागे सरकल्या. दर बाजारी पहिली बोहनी करणाऱ्या कुंताबाईंनी पदरात घेतलेले शिंगाडे हळूच टोपल्यात ठेवले. "राग नको मानू, भागीरथा. घरी नातवंडं आहेत."

"मी बी तेच खातो ना वो बाई! माहे लेकरं खातेत!" भागीरथा म्हणाली. पण सगळ्यांची नजर त्या काळ्या डागावरून हलेना.

पुढच्या बाजारातून टोपलं भरलेलंच परत आलं. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी इतवारीनं डोंगा काठावर ओढून उपडा घातला.

"तोडून कोणाले चारू? तुले?"

"अजी, चार दिवसात सारा माल गाळात जाईन!"

"जाऊ दे," म्हणाला आणि बिडी पेटवून बसून राहिला.

भागीरथा एकटीच कमरेइतक्या पाण्यात उतरली. काठाजवळचे तरी खुडू म्हणून हात घातला, तर शिंगाड्याचा काटा अंगठ्यात खोल शिरला. दवाखान्यात कंपाउंडरनं टिंचर लावलं आणि दोनदा लाव म्हणून एक ओला बोळा पुडीत बांधून दिला.

दुपारी भात कालवायला तिनं हात घातला आणि ओरडलीच. बोटांखालचा भात काळानिळा! पहिल्यांदा वाटलं, काट्यातून जहर हातात उतरलं. मग अंगठ्यावरच्या टिंचरकडे तिचं लक्ष गेलं. डावा हात धुतला, हंडीतला कोरा भात काढला आणि त्यावर बोळा टेकवला. काळा. कणकेवर टेकवला. काळी! मिठावर टेकवला, काही नाही. गुळावर, काही नाही. पुन्हा भातावर. काळा!

ती जागेवरच हसायला लागली. जन्मापासून जे पोटात चाललंय ते जहर असतं, तर या भातखाऊ झाडीपट्टीत माणूस उरला असता का?

वाटीत भात घेऊन ती अड्याळच्या वाटेनं अक्षरशः धावली. बाजार भर रंगात होता.

"शेठ, काढा ते बाटली!"

"काहून?" ताराचंद हसला. "अजून जहर दाखवतं का?"

"हो. याच्यावर टाका."

थेंब पडला, भात काळा झाला. गर्दी जमली. ताराचंद मान डोलवत म्हणाला, "तुमच्या तळ्याच्या पाण्यात शिजवला ना! मंग?"

दोघं-तिघं "बरोबर, बरोबर" म्हणाले. भागीरथानं वाटी ओट्यावर आपटली.

"मंग तुमच्या पोत्यातले पोहे घ्या! त्यायले तर माहं पाणी नाही लागलं!"

ताराचंदचा हात बाटलीवरच थांबला. गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "टाका ना शेठ! भेऊन राहिले का?" दुसरा म्हणाला, "आमच्या घरी सकाळीच नेले ना जी ते पोहे!"

टाकावंच लागलं. पोहे कोळशासारखे झाले. आणि जो गलका उठला, त्यात बैलसुद्धा बिचकले. "शेठ, लावा कुलूप!" "अरे, पत्रक कोणी वाचलं होतं?"

मागून शाळेचे टेकचंद गुरुजी पुढे आले. "अरे, पिठूळ वस्तूवर आयोडीन पडलं की हाच रंग येतो. तांदूळ, गहू, बटाटा, शिंगाडा, सगळं सारखं. सातवीच्या पुस्तकात आहे."

भागीरथानं कमरेवर हात ठेवले. "मंग गुरुजी, पंधरा दिवस चूप काहून बसले?"

"मले कोणी इचारलंच नाही," गुरुजी ओशाळून म्हणाले आणि सारा बाजार हसला. ताराचंदही हसला, पण जरा उशिरा. त्यानं पत्रकाची घडी केली आणि पोह्यांचं पोतं मागे सरकवलं.

कुंताबाई वाट काढत आल्या. "भागीरथा, टोपलं कुठाय तुझं? अर्धी पायली दे मले."

"मले बी!" "अन् मले!"

भागीरथानं रिकामे हात पाहिले. टोपलं कुठलं, शिंगाडे सगळे तळ्यात!

"उद्या सकाळी! इथंच, दारोदार, सांगान तिथं!" असं म्हणत ती निघालीसुद्धा. पदर खोचला, वहाणा हातात घेतल्या आणि बांधाबांधानं पळत सुटली. तळ्याचा काठ दिसताच दुरूनच तिनं हाळी दिली,

"अजी! गिऱ्हाईक परतलं! डोंगा सिधा करा! उजेड हाय तंवर जेवढा माल निंगन तेवढा काढू!"

इतवारीनं बिडी टाकली. उठून त्यानं उपडा डोंगा सुलटा केला. डोंगा पाण्यात गेला तेव्हा भागीरथा धापा टाकत आधीच पुढच्या टोकाला जाऊन बसली होती.