यमुनाबाईंना असं का सांगितलं?

आमच्या कुष्ठरोग संस्थेच्या कार्यवाहांनी यमुनाबाईंना फसवलं, आणि मलाही. बाई अमरावतीला वारल्या त्याला महिना झाला. कळलं तेव्हा मी घरच्यांना भेटायला गेलो तर त्यांची भाची सुमन दारातच म्हणाली, "आता कावून आले, भाऊ? तुमीच तर आत्याले नको म्हनलं होतं न!"

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "कोन म्हनलं? आमाले तं कार्यवाहांनी सांगतलं का बाई थकल्या, आता येत नाही."

मग सुमननं सांगितलं, आम्हालाच बाई नकोत असा निरोप आत्याला कार्यवाहांनीच दिला होता.

मी वलगावचा. संस्थेत शिपाई म्हणून लागलो आणि रोग्यांचे हात कोमट मेणात शेकून आखडलेली बोटं मोकळी करण्याचं काम बघून बघून शिकलो. सहा वर्षांनी बाई आमच्यावर देखरेखीला आल्या. मागे स्टूल टाकून बसायच्या. रोग्यासमोर एक शब्द नाही. तो गेला की आमची हजेरी घ्यायच्या. एकदा मी रोग्याला विचारलं, "मेन जास्त गरम तं नाही न?" तो नाही म्हणाला, मी हात बुडवला. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड.

"त्याले काय इचारतं रे?" बाई म्हणाल्या. "त्याच्या हाताले कळलं असतं, तं तो तुह्याकडे आला असता काय?"

"सहा वर्षांपासून हेच करून राहिलो मी!" मी तडकलो.

"अन् सहा वर्षांत तुले कोनी पाह्यलं?"

 पुढे रोज बाई मेणात आधी माझा हात घालायला लावत.

विदर्भ महाराष्ट्रात आला त्या वर्षी मला अकोल्याचं केंद्र सांभाळायला सांगितलं. मी अट घातली: बाई पंधरा दिवसांनी आल्याच पाहिजेत, नाहीतर दुसरा माणूस बघा. कार्यवाह कबूल झाले. बाई बडनेऱ्याला गाडी पकडून यायच्या, माझ्या हाताखालच्या चौघांमागे बसायच्या, आणि माझ्याही. मग तीन वर्षांपूर्वी येणं बंद झालं.

भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करणारा मी. 'बाई थकल्या' हा कार्यवाहांचा एक शब्द मात्र मुकाट्यानं घेतला. अमरावतीला जाऊन बाईंना विचारलं नाही. ही चूक माझी, ती मी इथे लिहून देतो. बाई मात्र आम्ही त्यांना नाकारलं असं समजून गेल्या.

कार्यवाहसाहेब, दोन ठिकाणी दोन गोष्टी तुम्ही का सांगितल्या? आमच्यासाठी नको, पण सुमनच्या दारात उभं राहून तिला उत्तर द्या. मी तिथे असेन.