मिठाच्या पाण्यातलं लाल औषध

गरगर फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रातून नळी काढली आणि उजेडाकडे धरली. वरचं पाणी पुन्हा लालभडक, आणि तळाशी बसलेले कण जवळपास पांढरे. म्हणजे औषध कणांना चिकटलंच नव्हतं.

कोल्हापुरात माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. कॅन्सरचं एक लाल औषध सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवायचं, म्हणजे ते अंगभर न पसरता थेट गाठीपर्यंत नेता येईल, हे माझं काम. डिस्टिल्ड पाण्यात ते झकास चढायचं. कणांवर ऋण भार, औषधावर धन. दोघं एकमेकांना ओढून घ्यायचे. मग माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "रक्त खारट असतं. तेवढ्याच मिठाच्या पाण्यात करून दाखवा." तिथंच सगळं बिनसलं. विरघळलेल्या मिठाचे धन आयन कणांभोवती आधीच गर्दी करत, आणि औषधाची ओढच मरून जाई.

आम्लता बदलली, कण नव्याने बनवले, दिवसदिवस ढवळत ठेवलं. काही उपयोग झाला नाही. कागलहून सकाळची बस पकडायचंच नको व्हायचं. आईनं "झालं का गं?" एवढं विचारलं तरी मी खेकसायचे.

पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीपुढं जायच्या आदल्या दुपारी मी बिनमिठाचे आकडे मिठाच्या रकान्यात भरले.

प्रयोगशाळेतले चाचा नळ्या न्यायला आले. "मॅडम, जमलं व्हय?"

"जमलं."

"लई बेस झालं बघा. माझ्या बहिणीला त्येच लाल औषध चालू हाय. उलट्यांनी पार मोडलीया. तुमचं कवा मिळंल?"

मी तडक उठले. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. परत येऊन तो रकाना पुसला आणि कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मिठात होत नाही. मी खोटे आकडे भरले होते."

त्यांनी कागद माझ्याकडं परत सरकवला. "उद्या समितीला हे तुम्हीच सांगायचं."

निघताना चाचांनाही खरं सांगितलं.

"मग दुपारी जमलं म्हणालासा ते?" त्यांनी विचारलं. "ते खोटं होतं," मी म्हणाले. चाचा नळ्या धुवायला लागले.

समितीनं एक वर्ष वाढवून दिलं आणि तो भाग पुन्हा करायला सांगितला. त्यातले आठ महिने गेलेत. पाणी अजून लालच राहतंय.