गौरीचा पिवळा खडा

लंडनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी हळदकुंकवाची डबी उघडली, नाकाशी नेली आणि "ही पावडर कसली?" म्हणून तीनतीनदा विचारलं. मी सांगितलं. तरी त्याने साहेबाला बोलावलं. मागे रांग खोळंबलेली, माझे पाय सुजलेले, आणि हे दोघे चिमटीत कुंकू धरून उजेडात बघतायत! काय म्हणावं या लोकांना? शेवटी "थँक यू, मॅडम" म्हणून डबी परत दिली, ती निम्मी सांडून.

तिथून ट्रेनने ग्लासगो. धाकटा भाऊ विनू स्टेशनवर आला होता. तो तिथल्या हॉस्पिटलात भाजलेल्यांच्या वॉर्डात सर्जन. घरी त्याची बायको सुनंदा आणि तिथेच जन्मलेली, शाळा संपवत आलेली मीरा. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही; तेव्हा फोन महाग, म्हणून वर्षावर्षाच्या गप्पा साठलेल्या. सकाळी सुनंदाने टॅटी स्कोन (बटाट्याची जाड पोळी) वाढला. माझ्या लिंबाच्या लोणच्याबरोबर तो झकास लागला. त्या देशाबद्दल माझी तक्रार नसलेली ही एकमेव गोष्ट.

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे वेचायचे, ताम्हणात घ्यायचे, आणि नेणारीने घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. नदीकाठ सुनंदाला घाण वाटायचा, म्हणून दरवर्षी समुद्र! तासभर गाडीतून जायचं, खड्यांसाठी! मी म्हटलं, "अगं, मागच्या अंगणात काय खड्यांना तोटा आहे?"

"नाही हं ताई, पाण्यातलेच हवेत," सुनंदा म्हणाली. झालं. विनूने गाडी काढली, निघालो.

समुद्र शिशाच्या रंगाचा, वारा कान कापणारा, वरून बारीक पाऊस. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा टोपी उचलून म्हणाले, "ब्रॉ डे (झकास दिवस) आहे!" झकास कसला डोंबलाचा! माझे दात वाजत होते. सुनंदाने त्यांना सांगितलं, देवीसाठी खडे वेचतोय. "मग छान छान घ्या," म्हणाले आणि गेले.

मीराने करड्या खड्यांबरोबर एक पिवळसर उचलला. मेणाच्या तुकड्यासारखा, हाताला जरा बुळबुळीत. "गौर कशी सोन्यासारखी आहे बघा ताई!" सुनंदा हरखली. मीराने ओल्या फडक्यात खडे गुंडाळून ताम्हणात ठेवले आणि ओठ मिटले. सुनंदाने समुद्राचं पाणी पितळी कळशीत भरून घेतलं.

गाडीत सुनंदाने हीटर लावला. पाय शेकायला लागले तसा माझा पाराही जरा उतरला. मीरा माझ्या शेजारी, मांडीवर ताम्हण धरून, गप्प. थोड्या वेळाने मला लसणीचा वास आला. गौरीच्या दिवशी लसूण!

"सुनंदा, डब्यात चटणी घेतलीस की काय?"

"अहो ताई, काहीतरीच काय! लसूण घरातसुद्धा नाही आज."

लसूण म्हटल्याबरोबर विनूने करकचून ब्रेक दाबला. मागे वळून बघतो तो ताम्हणातून पांढरा धूर. मीराचे डोळे पाण्याने भरलेले, ओठ घट्ट. त्याने दार उघडून ताम्हण रस्त्याकडेच्या गवतात भिरकावलं. भपकन पेट घेतला त्या खड्याने! पावसात जळत होता, पावसात! एक कण मीराच्या तळहाताला चिकटून धुमसत होता. विनूने तिचा हात धरला आणि कळशीत खुपसला.

"बाहेर काढू नको! हवा लागली की परत पेटेल. आणखी कुठे लागलंय? मीरा, बोल!"

मीराने मान हलवली. ओठ मिटलेलेच.

"अगं बोल ना!" विनू ओरडला. लहानपणापासून त्याला असं ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा कुठे ती हुंदका गिळत, आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, घर आला नाही अजून."

सुनंदा चेहरा झाकून रडायलाच लागली. तसाच, कळशीत हात बुडवून, मीराला हॉस्पिटलात नेलं. हात वाचला. अंगठा मात्र पुन्हा पुरता मिटला नाही.

संध्याकाळी पोलीस आला. भला माणूस, चहा घेतला. म्हणाला, "मोठ्या लढाईनंतर उरलेला दारूगोळा पेट्या भरभरून समुद्रात टाकलाय, मॅडम. त्यातला फॉस्फरस अधूनमधून किनाऱ्याला लागतो. ओला तोवर गार, सुकला आणि ऊब लागली की पेटतो."

"मग तिथे पाटी का नाही लावत?"

"लोक उगाच घाबरतील."

मी कपाळावर हात मारला. माझ्या कुंकवाला दोन-दोन माणसं, आणि या आगीला एक पाटी नाही!

तो गेल्यावर विनू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला. "जुनाच कुठे आहे ताई? फॉकलंडच्या लढाईतून आलेला एक पोरगा होता माझ्याकडे. याच्याच ग्रेनेडने भाजलेला. ड्रेसिंग काढलं की जखम धुमसायची, आणि असाच लसणीचा वास. आज मीराचा हात धरला आणि तोच दिसला मला."

"म्हणजे हे अजून वापरतात?"

"सर्रास. धूर करायला आहे म्हणतात, आडोशासाठी. कागदावर तो धूर, आग नव्हे. म्हणून आग लावणाऱ्या शस्त्रांवरच्या बंदीत बसत नाही."

"अरे, धूरच हवा तर ओली लाकडं जाळा म्हणावं मेल्यांना!"

गौर त्या दिवशी मागच्या अंगणातल्या खड्यांची बसली. सुनंदाने आणली. मुकाट्याने, डोळे पुसत.

पुढच्या भाद्रपदात पुण्यात माझी सून वैशाली नदीवरून खडे घेऊन निघाली. मी तिच्या बरोबर चालत म्हटलं, "बोलत ये."

शेजारच्या काकू चपापल्या. "अहो, हे काय भलतंच! गौर रुसेल."

"रुसू दे. तिची समजूत मी घालीन. वैशाली, काही वाटलं हाताला तर लगेच सांग."

वैशाली बिचारी ओशाळली. आमच्या घरात असं कुणी कधी केलेलं नाही. दहा पावलांवर तिने फडक्यात बोटं घातली, एकेक खडा चाचपला आणि हळूच म्हणाली,

"आई, सगळे गार आहेत."