लॉक या शब्दाचं वाक्य
आगाशीच्या बाजारात सोनचाफ्याचा वास आला की फुलपाड्यातला आमचा इंग्रजीचा क्लास आठवतो. दुपारी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही बायका जमायचो. एकीने रोजच्या वापरातल्या शब्दावर आपल्या घरातलं वाक्य करायचं आणि ते बाकीच्यांनी मोठ्याने म्हणायचं, अशी टीचरची पद्धत. त्या दिवशी शब्द होता ‘लॉक’. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी उठली. केसांत चाफा माळलेला. हळूच म्हणाली, “टुमॉरो माय हजबंड विल लॉक द डोअर फ्रॉम आउटसाइड.” “व्हेरी गुड, एकही चूक नाही,” टीचर म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी ते खणखणीत आवाजात म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती. घरी परतले तर तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि दाराच्या फटीतून चाफ्याचा वास येत होता. चाफा मी अजूनही घरी आणत नाही.